मंगळवारच्या सिस्टर

"हात पुढं करा," असं म्हणतच त्या दारातून आत यायच्या. नमस्कार नाही, कसे आहात नाही. समोरच्यानं दोन्ही हात सरळ पुढे धरायचे, बोटं फाकवायची. मग सिस्टर पिशवीतून एक कोरा कागद काढून त्या बोटांवर अलगद ठेवायच्या आणि कागदाच्या कडेकडे पाहत राहायच्या. बोटांचा बारीक कंप नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, कागदाची कड तो मोठा करून दाखवते. आमच्या गल्लीतला चहावाला, माझी बायको, कुलर दुरुस्त करायला आलेला माणूस, सगळ्यांचे हात त्यांनी असे पाहून घेतले होते. माझे पाहून म्हणाल्या होत्या, "भाऊ, चहा कमी करा. कागद नाचून राहिला तुमचा."

अकोल्याला जठारपेठेत माझी रक्ततपासणीची लॅब आहे. एक खोली, एक बाकडं, एक पडदा. त्या वर्षांत माझ्याकडे ज्योतीचं यंत्र होतं. पातळ केलेलं रक्तातलं पाणी ते बारीक नळीनं ओढून गॅसच्या ज्योतीत फवारतं आणि ज्योतीचा रंग मोजून आकडा दाखवतं. तुम्ही पाहिलं असेल, वरण उतू गेलं की शेगडीची निळी ज्योत एकदम पिवळी होते. तो वरणातल्या मिठाचा रंग. लिथियम नावाचं औषध ज्योतीत गेलं तर ती लाल होते, कुंकवासारखी नाही, थोडी डाळिंबाकडे झुकलेली. मी आकड्यांचा माणूस आहे, पण दुपारी पडदा ओढून, कॉम्प्रेसरची घरघर ऐकत त्या ज्योतीकडे पाहत बसलो की पंधरा-वीस मिनिटं कुठे जात ते कळत नसे.

सिस्टर दर मंगळवारी दर्यापूरकडून यायच्या. सरकारी नोकरी, मनाच्या आजारांचं काम. आठवड्यातून दोन दिवस मोठे डॉक्टर तिकडे येत, बाकीचे दिवस सिस्टरच. सकाळी रक्त काढायचं, नळ्या थर्मासमध्ये ठेवायच्या, जीपमध्ये मागच्या फळीवर बसून तो थर्मास मांडीवर घेऊन अकोला गाठायचं. लिथियमची तपासणी तेव्हा तिकडे होत नव्हती. प्रत्येक नळीला चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव, आणि नावापेक्षा मोठ्या अक्षरात काल रात्री गोळी किती वाजता घेतली ती वेळ. बारा तासांनी काढलेलं रक्तच खरं बोलतं, असं त्या म्हणत. साडेअकरा तास असतील तर साडेअकरा लिहीत. त्यामुळे माझं त्यांच्याशी पहिल्या दिवसापासून जमलं.

ज्यांना लिथियम म्हणजे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. काही माणसांच्या मनाला भरती-ओहोटी असते. आठ-आठ दिवस झोप नाही, बोलणं थांबत नाही, घरातली भांडी वाटून टाकतात. मग एकदम अंथरूण, महिनोन्‌महिने. ही गोळी ती लाट आवरते. पण तिची वाट अरुंद आहे. रक्तात ०.६ ते १ असेल तर औषध, दीडच्या पुढे गेलं की विष. त्या दोन आकड्यांच्या मधल्या बोळातून सिस्टर आपली माणसं वर्षानुवर्षं चालवत नेत होत्या.

ती वर्षं वऱ्हाडात वाईट होती. रोज सकाळी पेपरात जीव दिलेल्या शेतकऱ्यांचा आकडा छापून यायचा. एकदा मी तो वाचत असताना सिस्टरांनी पेपर माझ्या हातातून घेऊन घडी केला आणि बाकड्याखाली ठेवला. म्हणाल्या, "मेलेल्यायचे मोजाले लय लोक आहेत, भाऊ. आपण जित्यायचे मोजू. लावा नळी."

त्यांचं शिकवणं ऐकण्यासारखं असे. बाकड्यावर बसलेल्या कोणालाही त्या शिकवत. उदासीवरची गोळी डोक्यात नेमकं काय करते, हे मी पुस्तकात वाचलं होतं. समजलं ते त्यांच्याकडून. लासूरच्या एका शिक्षकाला त्या सांगत होत्या, डोक्यात लाखो बाया आहेत आणि सगळ्या गच्चीवर उभ्या. दोन गच्च्यांच्या मधात बोळ. या गच्चीवरची त्या गच्चीवरचीकडे निरोप फेकते. काही पोचतात, काही बोळात पडतात. पडलेले निरोप फेकणारी स्वतःच खाली उतरून गोळा करून नेते, कारण ती काटकसरी. गोळी तिला म्हणते, थांब वो बाई, राहू दे पडलेले थोडा वेळ, समोरचीले उचलू दे.

शिक्षकानं विचारलं, मग लगेच बरं का वाटत नाही? तर म्हणाल्या, निरोप पोचला म्हणून समोरची लगेच ऐकते थोडीच. नवी सून सासूचं ऐकाले किती दिवस घेते? तीन-चार आठवडे तर द्या.

शिक्षक गेल्यावर मी म्हटलं, सिस्टर, हे इतकं सरळ नसणार. त्या हसल्या. "नाहीच. मोठ्या डॉक्टरायलेही पुरतं ठाव नाही. पण गोळी गिळण्यापुरतं खरं आहे ते."

एकदा बाळापूरच्या एका पानठेलेवाल्याला इंजेक्शननंतर दुसऱ्या दिवशी मान वाकडी झाली, डोळे वर गेले, जीभ बाहेर. घरच्यांनी त्याला अंगात आलं म्हणून पाटावर बसवलं, हळद-कुंकू लावलं, गल्ली जमली. सिस्टर योगायोगानं तिथून जात होत्या. गर्दीतून आत गेल्या, त्याच्या खिशातली चिठ्ठी वाचली आणि उताऱ्याचं इंजेक्शन दवाखान्यातून आणवून दिलं. वीस मिनिटांत मान सरळ. एक म्हातारी नाराज झाली, तिला अजून विचारायचं होतं. सिस्टर तिला म्हणाल्या, आजी, देव गेला नाही, औषध उतरलं.

त्या स्वतः देवाधर्मातल्या नव्हत्या. वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती, आणि त्या बाबतीत त्या कडक. माझ्या लॅबच्या दाराला बायकोनं लिंबू-मिरची बांधली होती. सिस्टर दर मंगळवारी तिच्याकडे बोट दाखवून विचारत, "या लिंबाची सोडियम-पोटॅशियम केली का नाही अजून?" बायको आतून उत्तर देई की मिरचीचा रिपोर्ट उद्या मिळेल. तो त्यांचा दोघींचा ठरलेला खेळ होता.

त्यांच्या नळ्यांमध्ये एक नाव मला पाठ होतं. विमलबाई. दर्यापूरला शिवणकाम करायच्या, नवऱ्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान. पहिल्या मुलीच्या बाळंतपणानंतर दहाव्या दिवशी त्यांना पहिली लाट आली होती, तेव्हा तान्ही मुलगी घेऊन त्या स्टँडवर गाणी म्हणत फिरत होत्या. त्यानंतर पंधरा-सोळा वर्षं औषध नाही, नुसते अंगारे आणि खोलीला बाहेरून कडी. सिस्टरांनी त्यांना लिथियमवर आणलं. मला ही हकिकत सिस्टरांनीच सांगितली. विमलबाईला भीती वाटत होती, एवढं जालीम औषध डोक्यात गेलं तर उरेल काय? सिस्टरांनी त्यांना समजावलं होतं, जालीम कसलं, हे एक प्रकारचं मीठच आहे बाई, जमिनीतून निघते. तेवढ्यावर त्या तयार झाल्या. चार वर्षं आकडा ०.७, ०.८, ०.७. इतका सरळ आकडा की मी तो लागण्याआधीच मनात लिहून ठेवी.

मग तो वैशाख आला. पारा पंचेचाळीसच्या पुढे होता, कुलरमधली खसाची ताटी दुपारी दोनलाच कोरडी पडायची. रस्त्यावर माणूस नाही. सिस्टर डोक्याला ओढणी गुंडाळून आल्या, थर्मास ठेवला, आणि नेहमीसारख्या लगेच निघाल्या नाहीत. म्हणाल्या, विमलची नळी आधी लावा, मी बसते. सकाळी त्यांनी कागद ठेवला तर तो बोटांवरून खाली पडला होता. विमलबाई म्हणाल्या, उन्हानं. दोनदा उलटी झाली तीही उन्हानं.

मी नळी लावली. ज्योत लाल झाली, आणि लालच राहिली. आकडा आला २.३.

माझा विश्वास बसला नाही. पुन्हा लावली. २.३. मी ठरलेल्या आकड्याचं पाणी लावून यंत्र तपासलं; यंत्र बरोबर होतं. मग मला नळीचा संशय आला. हिरव्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून लिथियमचंच मिश्रण लावलेलं असतं, चुकून त्या नळीत रक्त घेतलं तर आकडा असाच फुगतो. मी सिस्टरांना तसं म्हटलं. आजवर चुकीचा आकडा माझ्या सहीनं बाहेर गेला नाही, उद्या सकाळी नवं रक्त पाठवा, मग लिहून देतो. आज हे आठवलं की मला माझीच लाज वाटते, पण मी तसं म्हटलं, आणि मला ते फार जबाबदारीचं वाटत होतं.

सिस्टर चिडल्या नाहीत. नळीचं लाल टोपण माझ्यासमोर धरलं, साध्या नळीचं. म्हणाल्या, "आकडा खोटा निघाला तर उद्या दोघंही हसू, भाऊ. खरा निघाला तर मी कोणापाशी हसू?"

मग म्हणाल्या, त्याच नळीतलं सोडियम पाहा. ते आलं १२७. नळी चुकली असती तर लिथियम वाढलं असतं, मीठ कशाला उतरलं असतं? हे मला आधी सुचायला हवं होतं.

सायकलच्या दुकानात नाणं टाकायचा लाल फोन होता. सिस्टरांनी लॅबवरून तो लावला. नवऱ्यानं सांगितलं, ती पडून आहे, उठली तर दारुड्यासारखी झोकांड्या खाते, बोलणं जड आलं आहे. सिस्टर म्हणाल्या, गोळी आता एकही द्यायची नाही, जी मिळेल ती गाडी करा आणि अकोल्याच्या दवाखान्यात आणा, मी दारात उभी राहते. फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, चार दिवसांत जेवली काय? पलीकडून उत्तर आलं ते मलाही ऐकू आलं, इतका तो माणूस ओरडून बोलत होता. अळणी भात. महिना झाला, सगळं अळणी, पोरीसाठी अंबादेवीचा नवस.

सिस्टर खुर्चीवर बसल्या. कुलरच्या वाऱ्यानं टेबलावरच्या चिठ्ठ्या हलत होत्या, त्यांनी त्यांच्यावर थर्मास ठेवला. मग एकेक शब्द जोडून त्यांनी मला सांगितलं. विमलबाईची मुलगी माहेरी आली होती, पहिल्या बाळंतपणाला. आपल्याला झालं ते पोरीला होऊ नये म्हणून आईनं अंबादेवीला मीठ सोडलं होतं. बाळंतपण सुखरूप होऊन पोरीचा सव्वा महिना नीट पार पडेपर्यंत. मुलगी आली हे सिस्टरांना माहीत होतं, मीठ सोडल्याचं आता कळत होतं.

"मीठ कमी पडलं की किडनी घाबरते," त्या म्हणाल्या. "लिथियम म्हणजे मिठाचा चुलतभाऊ. मीठ समजून त्यालेच घरात कोंडून ठेवते. मंग ते साचते." थोड्या थांबल्या. "पण गोळी घेत होती अन् मिठाचा कणही खात नव्हती. ते काहून, सांगू? मीच म्हणली होती ना तिले, गोळी म्हणजे मीठच आहे. तिनं हिशोब केला असंल, गोळीनं नवस अर्धा मोडतेच, तर ताटातला कणही नको. माया तोंडानं मारली मी तिले."

बोलता बोलता त्या निघाल्याच होत्या. मी २.३ लिहिलं, खाली सही केली आणि तो कागद त्यांच्या मागे धावत रस्त्यावर नेऊन दिला. डांबर चपलांना चिकटत होतं.

विमलबाई वाचल्या. सलाईन, रोजचं रक्त, माझ्याकडे रोजची नळी. २.३, १.६, ०.९, ०.४. माझ्या आयुष्यात मी इतक्या आवडीनं उतरते आकडे लिहिले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी, भान आल्याबरोबर, त्यांनी हातातली सुई उपटून टाकली होती. वॉर्डातल्या कोणीतरी म्हटलं होतं, सलाईन म्हणजे मिठाचंच पाणी. त्या रडत होत्या की नवस मोडला, आता पोरीला होईल. नवरा हात धरत होता, त्या ओरबाडत होत्या. सिस्टर मध्ये गेल्या, पडदा ओढला आणि बराच वेळ आत बसल्या. बाहेर आल्या तेव्हा सुई परत लागलेली होती. नळी घेऊन त्या लॅबवर आल्यावर मी विचारलं, काय सांगितलंत? म्हणाल्या, काही नाही, बाया-बायाचं असते.

गोळी पुढे दोन आठवड्यांनी पुन्हा सुरू झाली, कमी करून. विमलबाई मीठ खाऊ लागल्या होत्या, चिठ्ठीवर आता वेळेच्या खाली सिस्टर लिहीत, जेवण: मिठाचं.

ज्येष्ठात मुलगी बाळंत झाली. मुलगा झाला. सिस्टर ती बातमी घेऊन आल्या तेव्हा बायकोनं कचोरी मागवली. त्यांनी हात लावला नाही. बायकोला ते लागलं. तसं पाहिलं तर आंब्याचं नवं लोणचंही त्यांनी पंधरा दिवस आधी नको म्हटलं होतं. मला वाटलं, रक्तदाब असेल आणि सांगत नसतील. नर्सा स्वतःचं दुखणं सांगत नाहीत. त्यांचा डबाही पाहिला होता मी, पांढरा भात आणि गूळ. एका मंगळवारी त्यांना लॅबमध्ये भोवळ आली, तेव्हा मी हट्टानं त्यांचं रक्त काढून लावलं. सोडियम १३८, अगदी व्यवस्थित. मी तो आकडा त्यांना दाखवला. त्या म्हणाल्या, "झालं समाधान? मंग चहा पाजा, जास्त साखरेचा."

मी चहा पाजला.

पावसाळा संपता संपता त्यांची बदली झाली, मेळघाटच्या बाजूला, वरच्या जागेवर. शेवटच्या मंगळवारी त्या नेहमीसारख्याच आल्या आणि गेल्या. माझा कागद नाचतो का ते पाहायचं राहून गेलं असं मला त्या गेल्यावर वाटलं. त्यांच्या जागी आलेल्या सिस्टर नळ्या जीपच्या ड्रायव्हरबरोबर पाठवत. चिठ्ठीवर वेळ नसे. मी फोन करून विचारून घेई, आणि मिठाचंही विचारी. लोकांना वाटायचं, लॅबवाल्याला काय करायचं आहे.

दिवाळीनंतर विमलबाई स्वतः आल्या. मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं. चार-साडेचार वर्षं त्या माझ्यासाठी एक नाव आणि एक आकडा होत्या. सावळ्या, उंच, ब्लाउजच्या खांद्यावर टाचण्या टोचलेल्या, बोलणं सावकाश. ड्रायव्हरवर भरवसा नाही म्हणाल्या, म्हणून रक्त इथंच देते. मी त्यांच्या दंडाला पट्टी बांधत पोरीची चौकशी केली. पोरगी ठणठणीत होती, नातू कुशीवर वळून, रांगायच्या बेतात होता.

मी सहज म्हटलं, सिस्टरांचा रक्तदाब कसा आहे कोणास ठाऊक, इथे तर त्या काही खातच नव्हत्या.

विमलबाईनं माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी सांगितलं. वॉर्डात त्या सुई उपटून रडत होत्या तेव्हा सिस्टरांनी विचारलं होतं, नवस घरातल्या दुसऱ्या कोणी चालवला तर देवीले चालते का? त्या म्हणाल्या होत्या, चालते, सख्खं पाहिजे. "तर मले म्हणे, मंग मी तुयी बहीण. तू मीठ खा, माया डोक्यात गोळ्या नाहीत, मी सोडते. मी म्हणलं, तुमी तर मानत नाही. म्हणे, देवी मले मानते का नाही ते तिचं ती पाहील."

म्हणजे लिंबू-मिरचीला हसणारी ती बाई त्या उन्हात जीपच्या फळीवर बसून अळणी जेवत फिरत होती, आणि मी तिचं रक्त ज्योतीत घालून १३८ असं लिहिलं होतं. निरोगी किडनी मिठाचा कण कण जपते, म्हणून आकडा हलत नाही. आकडा खरा होता. त्यात काहीच दिसत नव्हतं.

मी विचारलं, मग मीठ पुन्हा खाल्लं केव्हा?

"पोरीचा सव्वा महिना झाला त्या दिवशी आल्या घरी," विमलबाई म्हणाल्या. "दुपार होती, पाऊस उघडला होता. मी वरण-भात केला. म्हणे, मीठ तुयाच हातानं वाढ. वाढलं. एक घास घेतला अन् डोळे मिटून बसल्या, हात तसाच ताटात. मी भ्याली. म्हणलं, सिस्टर, काय झालं वो? बऱ्याच वेळानं म्हणाल्या, काही नाही, थांब. चव येऊन राहिली."